वैशालीच्या दारातली झडती

वैशाली माणसाकडे पाहते तेव्हा तोंडाआधी खिशांकडे पाहते. सवय आहे. भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या एका गोदामाच्या गेटवर ती आठ वर्षं उभी आहे. शिफ्ट सुटली की दोनशे बाया तिच्यासमोरून बाहेर पडतात. गेटवर एक बटण आहे. प्रत्येकीनं ते दाबायचं. हिरवा दिवा लागला तर सरळ बाहेर. लाल लागला तर पडद्याआड जाऊन वैशालीपुढे हात पसरून उभं राहायचं. लाल कोणाला लागेल हे आधी कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून कोणी कोणावर रागावत नाही. "आज माझी लॉटरी लागली गं," म्हणत बाया आत जातात.

वैशालीची झडती पुरी असते. ती अंबाड्यात बोटं घालते, डब्याचं झाकण उघडते, चपलेचा तळ वाकवून पाहते. एकीला पाच मिनिटं लागली तरी चालतील, पण अर्धी झडती नाही. मी चाळीस वर्षं पॉवरलूमवर काढली, त्यातली शेवटची वीस जॉबर म्हणून. अडलेला लूम चालता करून देणं हे जॉबरचं काम. अर्धं काम करून हात झटकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. वैशाली त्यांतली नाही.

भिवंडीतल्या आमच्या चाळीत तिची खोली माझ्या खोलीला लागून आहे. नवरा ट्रेलरवर, महिन्यातून चार दिवस घरी. मुलगी ऋतिका, तेव्हा नऊ वर्षांची. तिचं सगळं वैशालीलाच पाहावं लागे.

ऋतिका बोलायची कमी, ऐकायची फार. संध्याकाळी वैशाली दारात भाजी निवडत गेटवरच्या गोष्टी सांगायची.

"काका, आज काय निघालं माहितेय? भाकरीच्या घडीत लिपस्टिक. वरून ठेचा लावलेला."

"घाईत खाल्ली असती तर आतडी रंगली असती," मी म्हणालो.

"आणि नव्या पोरी हमखास पिशवीच्या तळाचा पुठ्ठा उचलून त्याखाली ठेवतात. त्यांना वाटतं, पुठ्ठा फक्त त्यांच्याच पिशवीला आहे."

आम्ही हसायचो. ऋतिका मान खाली घालून मेथी निवडत असायची. आम्हाला वाटायचं, पोर कामात आहे.

पहिली चोरी खोडरबराची. वर्गातल्या मुलीचं, वासाचं. वैशालीनं एक थप्पड दिली. मग केसांची क्लिप. दोन थपडा. तिसऱ्यांदा दप्तरात दुसऱ्याच कोणाची तरी चावीची साखळी निघाली, तेव्हा वैशाली मारायची थांबली आणि तिनं घरात गेट उभं केलं. आई कामावरून आली की ऋतिकानं दारात उभं राहायचं. हात पसरायचे. दप्तर, कंपास, मोजे, रिबिनी, सगळं तपासलं जायचं. येणारे-जाणारे पाहायचे. गोदामात निदान बटण होतं. घरात रोज लाल.

मी एकदा म्हणालो, "आत घे आणि बघ. दारात नको."

"चोरी दारातूनच आत येते, काका."

खरं म्हणजे मलाही त्या मुलीचा भरवसा वाटत नव्हता. माझ्या खोलीत भिंतीवर हत्यारं टांगलेली आहेत. दोन पाने, एक पक्कड आणि लूमच्या फणीच्या दातांतून सुताची तार ओढून घ्यायचा पितळी हुक. काम सुटलं तेव्हा मी एवढंच घेऊन आलो. ऋतिका आत आली की माझी नजर आधी भिंतीकडे जायची. "माझी वस्तू हलली तर मला झोपेतही कळेल," असं मी वैशालीला सांगून ठेवलं होतं. मुलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

चाळीच्या टोकाला, नळाजवळ, शकिला राहते. खिडकीशी मशीन लावून गाऊन शिवते. व्यापारी कापलेलं कापड टाकून जातो, शिवलेला माल घेऊन जातो. शाळा सकाळची होती, त्यामुळे दुपारी आई येईपर्यंत ऋतिका शकिलाकडे बसायची. मशीनकडे बघत बसायची, बाकी काही नाही.

ईद दहा दिवसांवर आली होती आणि शकिलाला मान वर करायला फुरसत नव्हती. त्यात एका सोमवारी तिच्या मशीनची डबी गेली. खालच्या दोऱ्याची फिरकी जिच्यात बसते ती पोलादी डबी, अक्रोडाएवढी. ती नसेल तर मशीन म्हणजे नुसतं लोखंड. शकिलानं बाजारातून नवी आणली. ती बसली, पण खालचा टाका सैल पडू लागला. मी स्वतः अर्धा तास तिचा बारीक स्क्रू पिळून पाहिला. जमलं नाही. जुनं यंत्र आणि जुनी डबी एकमेकांना झिजवून जागेवर बसलेली असतात. हे कळेपर्यंत चाळीस गाऊन शिवून झाले होते. ते सगळे उसवायचे होते.

मंगळवारी संध्याकाळी शकिला वैशालीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मी कोणाचं नाव घेत नाही, वैशाली. पण खोलीत मी होते, माझी मशीन होती आणि तुझी बेटी होती. मशीनला पाय नाहीत."

वैशालीचा चेहरा उतरला. तिनं मुलीला आत बोलावलं. "घेतलीस?"

"नाही."

"डोळ्यांत बघून सांग."

"नाही घेतली."

त्या संध्याकाळी वैशालीनं घर उपसलं. तांदळाचा डबा परातीत ओतला. गादीची शिवण उसवली. पिंपामागे, देवाच्या फोटोमागे, पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घातला. काही निघालं नाही. मी उंबऱ्यावर बसून पाहत होतो. इतकी पुरी झडती मी कारखान्यातही पाहिली नव्हती.

"नसेल घेतली," मी म्हणालो.

"घेतलीय," वैशाली म्हणाली. "मला बाया कळतात. न घेतलेली बाई रागावते. ही रागावली नाही."

दुसऱ्या दिवसापासून नियम कडक झाले. ऋतिकानं शकिलाकडे जायचं नाही, दुपारी माझ्याकडे बसायचं. खोलीला कुलूप, किल्ली वैशालीच्या कमरेला. आणि झडती आता दोन वेळा, घरात येताना आणि सकाळी बाहेर पडतानाही. डबी घरात असेल तर ती मुलगी बाहेर नेऊन कोणाला देईल, विकेल, फेकेल, अशी वैशालीला भीती. मला ती म्हणाली, "काका, नजर ठेवा." मी ठेवली. तीन दुपारी ती मुलगी भिंतीला टेकून गृहपाठ करत बसली आणि मी तिच्या हातांकडे पाहत बसलो. ती पाणी प्यायला उठली की मीही उठायचो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही बसा. मी फक्त पाणी पिते."

मला राग आला. शहाणपणा करते, असं वाटलं.

लूमच्या कारखान्यात एक गोष्ट मी शिकलो होतो, ती इथं विसरलो. एका मालकानं कारागिरांच्या पिशव्या रोज तपासायला सुरुवात केली होती. त्यानं चोर कमी झाले नाहीत. खिसे खोल झाले.

शनिवारी वैशाली सुटून निघाली तेव्हा गेटवर नवा हुकूम लागला होता, गार्ड लोकांच्या पिशव्याही धातू ओळखणाऱ्या मशीनखालून जातील. येताना नाही, जाताना. वैशालीनं स्वतःहून पिशवी पुढे केली. मशीन ओरडलं. जोडीदारीण करिष्मानं डबा काढला, पाण्याची बाटली काढली, रुमाल झटकला. मशीन पुन्हा ओरडलं.

"पुठ्ठा उचल," वैशालीनंच सांगितलं.

पुठ्ठ्याखाली पोलादी डबी होती.

त्या गोदामात शिलाई मशीनचे सुटे भागही असतात. हे गेटवरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं. मागे रांगेत बाया होत्या, ज्यांचे अंबाडे वैशालीनं आठ वर्षं विस्कटले होते. त्या पुढे सरकल्या. "हिचीच लॉटरी लागली की गं!" कोणीतरी म्हणालं आणि रांग हसली.

सुपरवायझर प्रितेश पूर्ण्याचाच, तिशीतला. तो आला. "वैशालीताय, ह्यो काय हाय?"

वैशालीनं डबी ओळखली होती. शकिलानं तिच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता, दुसऱ्या कोणाच्या डबीत मिसळू नये म्हणून. तिथंच एक वाक्य बोलली असती तर ती सुटली असती: माझ्या मुलीनं शेजारणीची चोरली.

ती म्हणाली, "माझ्या पिशवीतून निघालं. जबाबदारी माझी."

"गोदामातली हाय का?"

"न्हाय. माझ्या घराकडची आहे."

"मंग पिशवीत कशाला? आनि लपवून कशाला?"

प्रितेशनं डबी पाकिटात घातली, वर सही घेतली. सोमवारी दहापर्यंत ज्याची वस्तू त्याला घेऊन ये, नाहीतर ओळखपत्र जमा कर.

हे सगळं तिनं मला त्याच दिवशी दिवेलागणीला नळावर सांगितलं.

"नाव घ्यायचं होतंस," मी म्हणालो. "पाच मिनिटांत मोकळी झाली असतीस."

"रांगेत आपल्या चाळीच्या बाजूच्या चार जणी होत्या, काका. सोमवारी पोरगी शाळेत चोर म्हणून गेली असती. नोकरी दुसरी बघता येते."

"मग घरी जाऊन आता काय करणार? सोलणार?"

"बघते."

आम्ही परतलो तेव्हा ऋतिका माझ्या खोलीतून उठून आपल्या बंद दारापुढे उभी राहिली होती. आईला पाहताच तिनं हात पसरले. कोणी सांगितलं नव्हतं. दप्तर उघडून पायाशी ठेवलेलं, रिबिनी सोडून खांद्यावर. मी आयुष्यभर मशीन पाहिल्या. माणूस असा चालू होताना मी प्रथमच पाहिला.

"हात खाली घे," वैशाली म्हणाली.

मुलीला कळलं नाही. हात तसेच.

"खाली घे म्हणते ना. आज माझी झडती झाली." तिनं पिशवी उंबऱ्यावर ठेवली, पुठ्ठा काढून बाजूला टाकला. "इथून डबी निघाली. सगळ्यांपुढे. मी कोणाचं नाव घेतलं नाही, आणि तुलाही विचारत नाही. पण शकिलाचे चाळीस गाऊन उसवायचे पडलेत. सोमवारी माझी नोकरी राहील की जाईल ते माहीत नाही. एवढं झालंय. तुला कळावं म्हणून सांगितलं."

मुलीनं हात खाली घेतले. मला वाटलं, ही बोलायची नाही. आईच्या पिशवीत चोरीचा माल ठेवणारी पोर, हिच्याकडून काय व्हायचं? असंच मला वाटलं. ते लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटलं होतं.

रविवारी सकाळी वैशालीनं माझं दार ठोठावलं. "काका, ऋतिका नाही घरात."

चप्पल नव्हती. मी आधी भिंतीकडे पाहिलं, मग बाहेर पडलो. पळाली असेल, किंवा आणखी काही लपवायला गेली असेल, हेच डोक्यात. नळापर्यंत आलो आणि थांबलो. ती शकिलाच्या खिडकीशी उभी होती, गज धरून. आम्ही तिला दिसत नव्हतो.

"डबी मी नेली होती," ती म्हणाली.

आतली कात्री थांबली. "अब बोलती है? ईद डोक्यावर आल्यावर?"

"आधीच द्यायला येत होते."

"मग? कोणी पाय बांधले होते?"

"आई रोज दारात तपासते. आता जातानापण. हातात घेऊन निघाले असते तर सापडले असते."

मुलीनं सांगून टाकलं. डबी पहिले पाच दिवस उंदराच्या पिंजऱ्यात होती. तिथं आईचा हात जात नाही. घरातून रोज न तपासता बाहेर जाणारी वस्तू एकच होती, आईची पिशवी. बसपर्यंत ती पिशवी ऋतिकाच धरायची. वाटेत शकिलाची खिडकी लागते. पुठ्ठ्याखालून डबी काढायची आणि गजातून आत टाकायची, असं तिनं ठरवलं होतं. म्हणून शनिवारी पहाटे तिनं डबी पिशवीत ठेवली. नेमकी त्या दिवशी कंपनीची बस लवकर आली. हॉर्न वाजला, आईनं पिशवी ओढून घेतली आणि पळाली.

"आणि मुळात उचललीस कशाला?" शकिलानं विचारलं. "खायची चीज आहे ती?"

"बसवताना टक् वाजते. मला एकदा बसवायची होती. तू हात लावू देत नाहीस."

वैशाली नळाच्या कट्ट्यावर बसली. तिच्या हातात रिकामी बादली होती. "काका," ती म्हणाली, "माल बाहेर जाऊ नये म्हणून झडती असते. मी परत जाणारा माल अडवला."

मीही त्यात होतो. तीन दुपारी.

मग ती उठून खिडकीशी गेली. ओरडली नाही, कवटाळलंही नाही. शकिलाला म्हणाली, "गाऊन काढ. ही उसवेल."

"नऊ वर्षांची पोर कापड फाडेल माझं."

"काका शिकवतील."

मी शिकवलं. उसवणं म्हणजे ओढणं नाही. तीन टाके सोडून चौथा कापायचा, मग उलट बाजूचा दोरा सलग निघतो. पहिला गाऊन तिनं अडीच तासांत उसवला आणि दोन जागी भोक पाडलं. दुसऱ्याला भोक नाही. दुपारी बोटं दुखतात म्हणाली. मी म्हणालो, दुखतातच. संध्याकाळी ती पोटात दुखतंय असं सांगून सटकायला निघाली, तेव्हा वैशालीनं पाण्याचा तांब्या दिला आणि पुन्हा बसवलं. त्या दिवशी सात झाले. उरलेल्यांत शकिला आणि वैशालीनंही हात घातला, पण मुलीचा वाटा मुलीनंच केला. रोज शाळेनंतर, बुधवारपर्यंत.

सोमवारी शकिला काम टाकून गेटवर गेली. सोबत तिनं मशीनची फिरकी आणि नेलपॉलिशची बाटली नेली होती. पाकिटातली डबी तिनं हातात घेतली, फिरकी आत बसवली, टक् वाजलं. ठिपक्याशेजारी आपलं नख धरलं. "मेरी है. बघ रंग."

"तुमची हाय, मानलं. हिच्या पिशवीत कशी गेली?"

"शेजारी राहतो आम्ही. वस्तू येतात-जातात."

प्रितेश वैशालीकडे वळला. "ताय, दुसरी कुनी बाय असा बोलली आसती, तं तू तिला सोडली आसती काय?"

वैशालीनं खोटं सांगितलं नाही. "न्हाय," म्हणाली.

नोकरी राहिली. पण बायांच्या रांगेवरून तिला काढलं आणि ट्रकच्या गेटवर नंबर लिहायला बसवलं. आजही ती तिथंच आहे. कंपनीचा भरवसा अर्धाच परत आला. तिची त्याबद्दल तक्रार नाही. नंबर मात्र ती पाटीवरून एकदा आणि कागदावरून एकदा, असे दोनदा पाहून लिहिते.

दारातली झडती त्या शनिवारी बंद झाली ती झालीच. त्याजागी वैशालीनं वेगळंच काही केलं. गोदामात परत आलेल्या मालाला वेगळं दार असतं. तिथं माल फक्त उतरवून घेतात, आणणाऱ्याला अडवत नाहीत. तिनं बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घरात दाराशी ठेवला. जे आपलं नाही ते यात टाकायचं, घरातल्या कोणीही. टाकताना कोणी बघणार नाही. सकाळी आई ते ज्याचं त्याला नेऊन देईल, आणि ऋतिका सोबत जाईल. नुकसान झालं असेल तर कामानं भरायचं.

"आणि टाकलंच नाही तर?" मी विचारलं. मला तो डबा म्हणजे चोराला सवलत वाटत होती.

"तर मला कळणार नाही," वैशाली म्हणाली. "गेटवर तरी सगळं कुठं कळत होतं?"

पहिले दोन आठवडे डबा रिकामा होता. मी रोज डोकावायचो. मग एकदा शाळेची पट्टी निघाली, ती परत गेली. मग महिनाभर काही नाही. मला वाटायचं, खरंच काही नाही, की टाकत नाही? वैशालीलाही वाटत असावं. मुलगी घरात शिरली की वैशालीचे हात झडतीसाठी आपोआप उचलले जायचे. मग ती ते ओच्याला पुसायची.

दिवाळीच्या आधी एका सकाळी माय-लेकी माझ्या दारात आल्या. वैशाली मागे, ऋतिका पुढे. मुलीनं मूठ उघडली. पितळी हुक.

मी भिंतीकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. दोन पाने, पक्कड, आणि खिळा. तो कधीपासून रिकामा होता, मला सांगता येणार नाही. मी रोज त्या भिंतीकडे पाहत होतो.

"याला काय भरपाई, आजोबा?" तिनं विचारलं.

हुक हिरवा पडला होता. माझ्याकडे असतानाच पडलेला. मी तिला चिंच आणि राखुंडी काढून दिली. ती उंबऱ्यावर बसून घासू लागली. हुकाच्या खाचेपर्यंत बोट पोचत नव्हतं, तर तिनं काडीला चिंधी गुंडाळली. हे मी शिकवलं नव्हतं.

कधी नेलास, हे मी तिला विचारलं नाही. विचारायचं फार होतं.